टर्बो ऑईल का मारतो

बॉनेट उघडल्या उघडल्या कुणी "टर्बो गेला" (म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या वायूवर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारं यंत्र गेलं) म्हणालं, तर समजावं की त्याने अजून काहीच बघितलेलं नाही. निळा धूर, डिपस्टिकवर ऑईल खाली, इंटरकूलरच्या (टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) होजवर ओल. एवढं दिसलं की आपल्याकडे निकाल लागलेला असतो. माझ्या गाडीचाही लागला होता. "मॅडम, टर्बो बाद झालाय. नवा टाका आणि मोकळं व्हा." नव्या टर्बोचा मजुरीसकट आकडा चाळीस हजारांच्या घरात गेला. मी म्हटलं, आधी आपण बघू.

"आपण" म्हणजे कोण, ते सांगते. मी दातांची डॉक्टर आहे. दवाखाना कोल्हापुरात. गाड्यांचं शिक्षण शून्य. पण ज्या यंत्राच्या आवाजाला पेशंट सगळ्यात जास्त घाबरतो, तो दात कोरायचा एअरोटर, हीसुद्धा एक टर्बाइनच आहे. दोन-सव्वादोन बार दाबाची हवा एका चिमुकल्या चाकावर सोडायची आणि ते चाक मिनिटाला तीन-साडेतीन लाख फेरे घेतं. त्याची बेअरिंगं झिजली की डोक्यातली कार्ट्रिज बदलावी लागते. कंपनीचा माणूस येऊन बदलेपर्यंत खुर्ची रिकामी ठेवणं परवडत नाही, म्हणून ते काम मी कित्येक वर्षं स्वतःच करते आहे. त्यामुळे मिनिटाला लाखांत फिरणारी वस्तू उघडायची भीती मला नव्हती. तिथे कचऱ्याचा एक कण काय करतो, हे माहीत होतं.

(जाता जाता: स्विस इंजिनिअर आल्फ्रेड ब्यूची यांनी एक्झॉस्टच्या वायूवर चालणाऱ्या टर्बाइनने इंजिनात हवा कोंबायचं पेटंट १९०५ साली घेतलं. दाताचा एअरोटर बाजारात आला १९५७ ला. धाकट्याचे फेरे जास्त, ताकद अगदीच कमी.)

गाडी सेकंडहँड, डिझेल हॅचबॅक. इंजिन १२४८ सीसीचं, चार सिलिंडरांचं. एकेकाळी ते इतक्या कंपन्यांच्या इतक्या गाड्यांत होतं की लोक त्याला गमतीने राष्ट्रीय इंजिन म्हणायचे. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ हे धुराचे नवे नियम लागू झाले आणि नव्या गाड्यांतून ते गेलं. पण रस्त्यावर अजून भरपूर आहेत आणि त्यांचे सुटे भाग मुबलक मिळतात. पुढचं सगळं त्यामुळे सोपं झालं.

लक्षणं अशी. सकाळी चालू करताना काही नाही. दाभोळकर कॉर्नरच्या सिग्नलला बराच वेळ उभी राहिली आणि मग पाय दिला की मागे निळसर ढग. गगनबावड्याचा घाट चढताना जोर ठीक, शिट्टी नेहमीपेक्षा थोडी चढी. आणि दर महिन्याला ऑईल वरून घालावं लागायला लागलं.

इथे थोडं आत शिरावं लागेल, कारण सगळी मेख इथेच आहे. टर्बोच्या मधल्या भागाला बाजारात कोअर म्हणतात. त्यात एक दांडा. दांड्याच्या एका टोकाला एक्झॉस्टच्या गरम वायूने फिरणारं चाक, दुसऱ्या टोकाला इंजिनात हवा कोंबणारं ॲल्युमिनियमचं चाक. दांडा दोन पितळी बुशांत (नळीसारख्या बेअरिंगांत) फिरतो, आणि बुशही जागेवर घट्ट नसतात. दांडा आणि बुश यांच्यात ऑईलचा पापुद्रा, बुश आणि बाहेरची बॉडी यांच्यात आणखी एक. म्हणजे दांडा ऑईलवर तरंगतो आणि बुशही तरंगत तरंगत स्वतः फिरत राहतात. एअरोटरमध्ये बारीक गोळ्यांची बेअरिंगं असतात, इथे धातू धातूला टेकतच नाही. निदान टेकू नये.

आता एवढं ऑईल बाहेर का येत नाही? बहुतेकांची समजूत अशी की दोन्ही टोकांना रबरी सील असतं, ते फाटतं आणि टर्बो गळतो. तसं रबर तिथे टिकणारच नाही. एका अंगाला सात-आठशे अंशांचा वायू आणि दांड्याचे फेरे मिनिटाला दोन लाखांच्या वर. तिथे असते पिस्टनच्या रिंगेसारखी एक बारीक रिंग, दांड्याच्या खाचेत सैल बसलेली. ती बाहेरच्या भोकाला ताणून धरून असते आणि दांडा तिच्या आत फिरतो. तिला तोंड असतं, म्हणजे फट असतेच. नुसत्या रिंगेच्या भरवशावर ऑईल थांबत नाही. ते थांबतं ते दोन कारणांनी: चाकांच्या मागे हवेचा किंवा वायूचा दाब सहसा आतल्या दाबापेक्षा जास्त असतो, आणि बुशांतून सुटलेलं ऑईल तिथे साचत न राहता लगेच खाली पडून चेंबरकडे, म्हणजे इंजिनच्या तळाशी ऑईल साठतं त्या भांड्याकडे, निघून जातं.

हे दुसरं कारण नीट बघा. ऑईल आत येतं पंपाच्या दाबाने, बारीक पाइपातून. परत जातं ते फक्त गुरुत्वाकर्षणाने, आणि जाताना हवा मिसळून फेसाळलेलं असतं. म्हणून परतीचा पाइप एवढा जाड असतो. त्या पाइपात काही अडकलं, तो चेपला, किंवा चेंबरमध्येच दाब वाढला, तर ऑईल टर्बोत तुंबतं. तुंबलं की रिंगेवरून बाहेर पडतं. नवा टर्बो बसवा, त्यातूनही पडेल. मग गिऱ्हाईक म्हणतं, पार्ट डुप्लिकेट निघाला.

म्हणून पान्ह्याला हात लावायच्या आधी मी बाहेरच्या गोष्टी तपासल्या.

एअर फिल्टर आधी. तो तुंबलेला असेल तर हवेचं चाक तोंडाशी पोकळी तयार करतं आणि ऑईल ओढून घेतं. माझा मळका होता, पण तुंबलेला नव्हता. ऑईल पातळी वरच्या खुणेच्या खाली. जास्त भरलं असतं तरी परतीची वाट अडली असती.

मग ब्रीदर. इंजिनच्या पोटातला वायू ब्रीदरच्या नळीने टर्बोच्या अलीकडे हवेच्या पाइपात सोडलेला असतो, आणि तो येताना ऑईलची वाफ घेऊन येतो. त्यामुळे टर्बोच्या तोंडाशी, होजमध्ये ऑईलचा पातळ थर असणं यात काहीच वावगं नाही. गॅरेजमध्ये होज काढून, बोट फिरवून, ते बोट तुमच्या डोळ्यांसमोर नाचवतात ना? त्या बोटावरून काहीही सिद्ध होत नाही. मी टर्बोच्या आधीचा आणि नंतरचा, दोन्ही पाइप पुसून कोरडे केले, कागलपर्यंत हायवेने जाऊन आले आणि परत उघडून बघितले. आधीच्या पाइपात नुसता ओलसर हात, नंतरच्यात थेंब ओघळत होते. म्हणजे ऑईल ब्रीदरचं नाही, टर्बोतूनच येतंय.

तिसरी तपासणी माझ्या धंद्याला साजेशी. इंजिन आयडलला ठेवून ऑईल भरायचं झाकण काढलं आणि त्या तोंडावर नायट्राइलचा हातमोजा ताणून बसवला. सिलिंडरच्या रिंगा झिजल्या असतील तर ज्वलनाचा वायू खाली पोटात उतरतो, त्याला मिस्त्री लोक बॅक कॉम्प्रेशन म्हणतात. तसं असतं तर हातमोजा क्षणात टम्म फुगून पाच बोटं वर करून उभा राहिला असता. माझा लुळा पडून नुसता थरथरत राहिला. इंजिन निरोगी.

आता राहिला परतीचा पाइप. गाडी जॅकवर घेतली, खाली स्टँड लावले (नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नये, हे मी कुणालाही चार वेळा सांगेन) आणि पाइपाचे बोल्ट काढले. वरच्या फ्लँजला कागदी पॅकिंग असायला हवं होतं. तिथे निळं सिलिकॉन होतं. कुणीतरी कधीतरी पॅकिंग न मिळाल्याने किंवा आणायचा कंटाळा आल्याने पेस्ट भरभरून लावली होती. बाहेरून जेवढी दिसते तेवढीच आतही दाबली जाते, हे कुणी लक्षात घेत नाही. आतल्या बाजूला तिचा ओठ लोंबत होता आणि त्याच्यावर काळा कीट धरून भोक निम्मं बुजलं होतं. काम कुणाचं ते कळायला मार्ग नाही, गाडी माझ्याकडे आली तेव्हाच ते तिथे असणार.

इथे थांबून, पाइप साफ करून, नवं पॅकिंग टाकून गाडी चालवून बघता आली असती. बऱ्याच गाड्या तेवढ्यावर बऱ्या होतात, आणि तुमच्या दांड्याला प्ले, म्हणजे सैलपणा, नसेल तर तुम्हीही तिथेच थांबा. मी थांबले नाही, कारण हवेचं चाक दोन बोटांत धरून पुढे-मागे केलं तर "टक्" असं जाणवत होतं. आडवा प्ले थोडा असतोच. कोरड्या बुशात दांडा हलतो, ऑईल भरलं की सावरतो. उभा, म्हणजे दांड्याच्या लांबीच्या दिशेचा प्ले मात्र हाताला जाणवायला नको.

हाताला जाणवणं म्हणजे किती, ते मोजावं म्हणून उद्यमनगरातल्या आमच्या भावजींकडून डायल गेज आणला. ते यांचे चुलत भाऊ, लेथचा धंदा. गेज देताना म्हणाले, "वहिनी, टर्बो म्हणजे काय दाढ हाय व्हय, उपटून बघायला?" मी म्हटलं, "दाढ उपटली की टाकून देते, भावजी. हा परत बसवायचाय." मग गेज लावायला स्वतःच आले. काटा ०.१४ मिमीवर. अशा छोट्या टर्बोत साधारण ०.१ च्या आत हवं. चावा तपासायचा जो निळा कागद मी रोज वापरते तो ४० मायक्रॉनचा असतो. त्या एका कागदाएवढा जास्त प्ले, आणि तेवढ्यानेच दांडा पुढे सरकून चाकाची पाती घरट्याला, म्हणजे चाकाभोवतीच्या कवचाला, घासू शकतात. सुदैवाने पाती अजून शाबूत होती. ती घासलेली असती तर चाकही बदलावं लागलं असतं, आणि मग हिशोबच बदलला असता.

टर्बो उतरवण्यावर फार लिहीत नाही. ते अंगमेहनतीचं काम आहे. एक्झॉस्टकडच्या स्टडचे नट वर्षानुवर्षांच्या उष्णतेने धरलेले असतात, त्यांना आदल्या रात्री गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा, घाई करू नका, हट्टी नट ब्लो लॅम्पने तापवा. ऑईल येणाऱ्या पाइपाचा बँजो बोल्ट काढताना त्याची तांब्याची वॉशर पडते, ती शोधत बसू नका, नवीच टाकायची आहे. एक सवय मात्र आवर्जून सांगते. इंजिनकडची सगळी उघडी तोंडं मी गॉजने बंद केली आणि किती गॉज आत गेले ते फडताळावर चिकटपट्टी लावून त्यावर लिहून ठेवलं. बसवताना तेवढेच बाहेर यायला हवेत.

कोअर उघडण्याआधी दोन्ही घरट्यांवर आणि मधल्या बॉडीवर एका रेषेत ओरखडा काढा. घरटी गोल असल्याने कशीही बसतात, पण पाइपांची तोंडं मग चुकीच्या दिशेला जातात. दुसरी खूण जास्त महत्त्वाची. हवेचं चाक, त्यावरचा नट आणि दांड्याचं टोक, या तिघांवर मिळून एक बारीक रेघ. कारखान्यात हे सगळं एकत्र फिरवून तोललेलं असतं, त्यामुळे परत त्याच कोनात बसायला हवं. मार्करने खूण केलीत तर क्लीनरने पुसून जाईल. खोल खोदलीत तर तोलच बिघडेल. धारदार टोकाची पुसट रेघ पुरे.

त्या नटाचे आटे उलटे होते. पुष्कळ टर्बोंत तसंच असतं. नेहमीच्या दिशेने जोर लावत बसलात तर तो सुटण्याऐवजी आवळत जाईल आणि दांडा पिळला जाईल. पकड एक्झॉस्टकडच्या चाकाच्या नाकावर जे पैलू असतात तिथे गोटी (सॉकेट) लावून घ्यायची, पात्यांना कधीही धरायचं नाही. ते चाक आणि दांडा हे वेल्ड केलेलं एकच अंग असतं, त्याला इजा झाली तर सगळंच गेलं.

नट निघाला की हवेचं चाक वर सरकतं. मग मागची प्लेट, तिची ओ-रिंग, थ्रस्ट बेअरिंग (दांड्याला लांबीच्या दिशेने सरकू न देणारी), कॉलर. शेवटी दांडा गरम बाजूने ओढून बाहेर. तो निघताना करकरला, कारण गरम टोकाच्या रिंगेभोवती ऑईल जळून कोळसा झाला होता. घाट चढून आल्या आल्या चावी बंद केली की पंप थांबतो, टर्बोतलं उरलेलं ऑईल मात्र तापलेल्या लोखंडाला चिकटून भाजत राहतं. परतीची वाट अडलेली असेल तर उरतंही जास्त. थ्रस्ट बेअरिंगच्या एका अंगावर चकाकता झिजलेला पट्टा होता. ०.१४ कुठून आलं ते तिथे दिसत होतं.

धुणं हा माझा आवडता भाग. दवाखान्यातून निवृत्त होऊन घरी आलेला एक जुना अल्ट्रासॉनिक क्लीनर आहे. (पेशंटची हत्यारं ज्यात जातात तो वेगळा, कुणी भलती शंका घेऊ नये.) बॉडीतल्या ऑईलच्या बारीक वाटा ब्रशने साफ होत नाहीत, त्यात चांगल्या निघाल्या. ॲल्युमिनियमचं चाक मात्र त्यात फार वेळ ठेवायचं नाही आणि कॉस्टिकचं पाणी तर अजिबात वापरायचं नाही, ते काळं पडून खाल्लं जातं. कोळसा सुटायला बॉडी डिझेलमध्ये रात्रभर भिजवली, मग पितळी ब्रश. बुश बसतात त्या भोकांना तारेचा ब्रश लावायचा नाही. नंतर सगळं कॉम्प्रेसरच्या हवेने फुंकून काढलं. कॉम्प्रेसर घरात असणं हा आमच्या धंद्याचा एक फायदा.

मग लूप्स (आमचा भिंगांचा चष्मा) लावून, चांगल्या उजेडात, दांडा तपासला. निळसर पडला असेल तर तापून गेलाय, टाकून द्या. नखाला अडेल असा ओरखडा असेल तरी द्या. माझा साफ होता. भावजींच्या मायक्रोमीटरने बुशांच्या दोन्ही जागा वेगवेगळ्या कोनांतून मोजल्या, फरक मोजण्याजोगा नव्हता. तेव्हाच किट मागवलं. आधी मागवू नये. दांडाच गेला असेल तर किट घेऊन काय करणार?

किटमध्ये बुश, रिंगा, सर्क्लिपा, थ्रस्ट बेअरिंग, कॉलर, ओ-रिंग आणि स्क्रू असतात. थ्रस्ट बेअरिंग दोन तऱ्हांची येते, पूर्ण वर्तुळाची आणि २७० अंशांची, म्हणजे एका बाजूला उघडी. दुकानदार पहिली "हेवी ड्युटी" म्हणून खपवतो. जी निघाली तीच घाला, कारण कॉलर तिच्या जोडीची असते.

जोडणी खरं तर दवाखान्यातल्या कामासारखीच होती: स्वच्छ टेबल, हातमोजे, हत्यारं ओळीने मांडलेली, फोन लांब. प्रत्येक भाग ताज्या इंजिन ऑईलमध्ये बुडवून बसवायचा. सर्क्लिपा इतक्या बारीक असतात की एक उडाली तर फरशीवर शोधण्यात संध्याकाळ जाते, म्हणून मी त्या पारदर्शक पिशवीच्या आत हात घालून बसवल्या. सगळ्यात नाजूक काम गरम टोकाची रिंग. ती खाचेत चढवताना गरजेपेक्षा जास्त फाकवली तर तिचा ताण जातो. दांडा आत सरकवताना ती भोकाच्या काठाशी अडते. तिथे जोर केला की मोडते. दांडा हळूहळू फिरवत, प्रोबच्या टोकाने रिंगेचं एकेक टोक आत दाबत गेले आणि ती "टुक" करून आत बसली. प्रोब म्हणजे ती आकडी, जी दातावर फिरवून आम्ही कीड शोधतो. याहून चांगलं हत्यार त्या कामाला नाही, हे मी पैजेवर सांगते.

नट खुणेवर खूण आणून आवळला. डायल गेज परत लावला: ०.०६.

इथपर्यंत घरी. पुढचं पाऊल घरचं नाही, आणि यावर लोक माझ्याशी वाद घालतात. "खुणा जुळवल्या ना, मग बॅलन्सिंग कशाला?" कारण नवी कॉलर, नवी रिंग, वेगळ्या घट्टपणाने आवळलेला नट. साधा हिशोब करा. दांड्याच्या मध्यापासून १० मिमीवर ०.०१ ग्रॅम वजन जास्त राहिलं, म्हणजे जाड्या मिठाचे मोजके दाणे, तर मिनिटाला दोन लाख फेऱ्यांना ते साडेचार किलोच्या जोराने दांडा बाहेर ओढतं. फेरे दुप्पट झाले की जोर चौपट. चार सेंटिमीटर व्यासाच्या चाकाच्या पात्यांची टोकं त्या वेगाला आवाजाच्या वेगालाही मागे टाकतात. तिथे अंदाजपंचे चालत नाही.

म्हणून कोअर कपड्यात गुंडाळून पुण्याला नेला, भोसरीत. तिथल्या मशिनवर कोअरला ऑईलचा पुरवठा जोडून हवेच्या झोताने प्रत्यक्ष त्या वेगाला फिरवतात आणि कंपनं मोजतात. पडद्यावर रेषा मर्यादेच्या वर एका ठिकाणी उसळलेली दिसली. मशिनवरच्या पोराने नटाच्या एका अंगाचं धातू किंचित घासलं, परत फिरवलं, परत घासलं. रेषा खाली आली. "घरी जोडलाय?" त्याने विचारलं. हो म्हटलं. "रिंग मोडली नाही?" नाही. मग त्याने माझ्याकडे जरा नीट बघितलं.

गाडीवर चढवताना पॅकिंग सगळी नवी, तांब्याच्या वॉशरी नव्या, ऑईल आणि फिल्टर नवे, आणि ऑईलच्या वाटेवर सिलिकॉनचा एक टिपूसही नाही. बँजो जोडण्याआधी ऑईल येण्याच्या भोकात सिरिंजने ताजं ऑईल भरलं आणि चाक बोटाने फिरवत राहिले.

नंतरची गोष्ट जिवावर बेतू शकते, म्हणून सविस्तर लिहिते. गळक्या टर्बोने मारलेलं ऑईल इंटरकूलरमध्ये साठलेलं असतं. टर्बो दुरुस्त करून तुम्ही तसंच चालू केलंत आणि रेस दिलीत, तर ते सगळं एकदम इंजिनात जातं. डिझेल इंजिनाला हवेबरोबर आलेलं ऑईल हेही इंधनच. मग इंजिन त्यावर आपोआप धावत सुटतं, आवाज चढत जातो, आणि चावी बंद करूनही थांबत नाही, कारण चावी फक्त डिझेल तोडते. असं झालं तर मोठ्या गिअरमध्ये टाकून, ब्रेक दाबून, क्लच सोडून इंजिन बंद पाडायचं, नाहीतर हवेचं तोंड फळीने झाकायचं. हाताने कधीही नाही. मी इंटरकूलर काढून उलटा केला तेव्हा चहाचा मोठा कप भरेल एवढं ऑईल निघालं. रॉकेलने धुऊन दोन दिवस उन्हात ठेवला. धुतलेलं रॉकेल आत राहणंही तितकंच वाईट.

मग इंजेक्टरचे कनेक्टर काढून ठेवले, म्हणजे इंजिन पेटणार नाही, आणि थोडा थोडा वेळ स्टार्टर मारला. परतीचा पाइप सुटा होता, त्याच्या तोंडाखाली एक मोडीत निघालेला किडनी ट्रे. त्यात ऑईल पडायला लागलं तेव्हा कळलं की वाट पूर्ण मोकळी आहे. पाइप जोडला, कनेक्टर लावले. चेक लाइट लागली, ती ओबीडीच्या (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायच्या) छोट्या स्कॅनरने कोड पुसून घालवली. चालू करून दहा मिनिटं नुसतं आयडल.

आणि मागून पांढराशुभ्र धूर! शेजारचे काका गॅलरीत आले. हे होणारच असतं. सायलेन्सरमध्ये साठलेलं जुनं ऑईल जळून संपेपर्यंत धूर येतो. आमचा हातकणंगल्याच्या अलीकडे थांबला.

आता हिशोब. किट, पॅकिंग, ऑईल, फिल्टर, बॅलन्सिंग आणि पुण्याचं पेट्रोलपाणी धरून दहा हजारांच्या आत. माझा वेळ धरला तर हा व्यवहार आतबट्ट्याचाच आहे, तेवढ्या वेळात रूट कॅनल झाली असती. हे यांनीही सांगून झालंय. गाडी त्यानंतर आंबोलीला जाऊन आली, डिपस्टिक होती तिथेच आहे, आणि पीयूसीवाल्याने यावेळी काही न बोलता कागद दिला.

माझा टर्बो साधा, वेस्टगेटवाला (जास्तीचा वायू बाजूने सोडून देणाऱ्या झडपेचा) होता. ज्यांच्या गाडीत व्हीजीटी आहे, म्हणजे एक्झॉस्टच्या बाजूला हलणारी पाती असतात तो प्रकार, त्यांनी हे वाचून पान्हा उचलू नये. त्या पात्यांची कमीत कमी फट फ्लो बेंचवरच, म्हणजे हवेचा प्रवाह मोजणाऱ्या मशिनवरच, लावता येते, त्याचा स्क्रू घरी हलवला तर गाडी एक तर झोपते नाहीतर जास्त दाब मारते. पण परतीचा पाइप, ब्रीदर, फिल्टर आणि हातमोजा, एवढं त्यांनीही गॅरेजला जायच्या आधी करून बघावं. भावजींनी परवा त्यांच्या गिऱ्हाइकाची एक बोलेरो आमच्या दारात आणून उभी केली. तिच्यात ब्रीदरच तुंबला होता. टर्बोला हात लावावा लागला नाही.